प्लास्टिकचा बुश आणि लोखंडी शाफ्ट: फिलर, घर्षण आणि झीज यांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फिलर घातलेल्या प्लास्टिकचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), वेअर पॅड आणि लायनर (घासणाऱ्या पृष्ठभागावर बसवायचं अस्तर) होतात. बुटीबोरीचे मेंटेनन्सवाले, भंडाऱ्याकडचे राईस मिलवाले, जिनिंगवाले आणि प्रोजेक्ट करणारी मुलं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. घाईत असाल तर आधी तिसरा प्रश्न वाचा. बाकीच्या निम्म्या उत्तरांचं मूळ तिथे आहे.

१. प्लास्टिकमध्ये फिलर घालतात कशासाठी?

नुसतं प्लास्टिक मऊ असतं, भाराखाली हळूहळू दबत जातं आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. काचेचे किंवा कार्बनचे बारीक धागे, ब्राँझची पूड, ग्राफाइट, मोली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) असं काही मिसळलं की यातल्या एखाददुसऱ्या उणिवेवर उपाय होतो. टाल्क किंवा कॅल्शियम कार्बोनेट मात्र बहुतेक वेळा माल स्वस्त करायला घालतात. घासणाऱ्या भागात त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

बिलावर नुसतं ‘फिल्ड’ लिहिलेलं पुरत नाही. कशाने भरलंय आणि किती टक्के, हे विचारा. ते टक्के बहुधा वजनाचे असतात. वजनाने ६० टक्के ब्राँझ असलेल्या टेफ्लॉनमध्ये घनफळाने ब्राँझ जेमतेम २७ टक्के असतं, कारण ब्राँझ टेफ्लॉनच्या चौपट जड आहे.

२. टेफ्लॉन इतकं गुळगुळीत असतं, मग त्याचा बुश एवढ्या लवकर कसा संपतो?

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हा समज सगळ्यात जास्त पैसे बुडवतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टेफ्लॉनचा, म्हणजे पीटीएफईचा, शोध १९३८ साली अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने लागला. त्याचा रेणू लांब, सरळ आणि बाहेरून गुळगुळीत असतो, त्यामुळे एक थर दुसऱ्यावरून सहज सरकतो. हळू वेगात घर्षणांक ०.०५ ते ०.१ इतका खाली येतो. पण थर सहज सरकतात तसेच सहज सुटूनही येतात. धातूवर घासताना साध्या टेफ्लॉनचे मोठे, चपटे पापुद्रे निघतात, धातूला धरत नाहीत आणि बाजूला पडतात. मग नवा पापुद्रा.

याची सगळ्यात महागडी शिकवण इंग्लंडमध्ये मिळाली. सर्जन जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याच्या सांध्यात स्टीलच्या गोळ्याखाली टेफ्लॉनची वाटी बसवली. घर्षण अत्यंत कमी, रुग्ण खूश. काही वर्षांतच वाट्या झिजून आत गेल्या, भुकटीने आजूबाजूच्या पेशी बिघडल्या आणि शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. १९६२ मध्ये ते अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिलीनकडे वळले. त्याचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त, झीज मात्र कितीतरी कमी.

झीज मोजायचं माप असं: एक न्यूटन भाराखाली एक मीटर घासल्यावर किती घन मिलिमीटर माल गेला. साध्या टेफ्लॉनचा हा आकडा एक घन मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. चांगला फिलर घातला की तो दहा लाखाव्या भागापर्यंत उतरतो. कागदावर दोन्ही नगण्य वाटतात, म्हणून एक हिशेब करून पाहू. शाफ्ट ३० मि.मी. व्यासाचा, बुश ३० मि.मी. लांब, भार ९०० न्यूटन, फेरे मिनिटाला १००. साध्या टेफ्लॉनचा बुश आठ तासांच्या एका पाळीत जवळपास अर्धा मिलिमीटर खाली जाईल. फिलर घातलेल्याला तेवढंच झिजायला आठशे तास लागतील.

३. फिलर घातल्यावर नेमकं काय बदलतं?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे फिलरचे कण आणि धागे भार स्वतःवर घेतात आणि पापुद्र्याची चीर पुढे पळू देत नाहीत, त्यामुळे निघणारी भुकटी बारीक होते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही बारीक भुकटी शाफ्टवर चिकटून पातळ, सलग थर तयार करते. चांगला थर एखाद्या मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो. तो एकदा बसला की प्लास्टिक धातूवर घासत नाही, धातूवर बसलेल्या स्वतःच्याच थरावर घासतं. बुशाचं आयुष्य या थरावर ठरतं.

थर चिकटतो कसा, हेही आता बरंच कळलंय. घासताना टेफ्लॉनचे रेणू तुटतात, तुटलेल्या टोकांची हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओलाव्याशी प्रक्रिया होते आणि ती टोकं धातूला रासायनिक रीतीने धरून बसतात. अल्फा प्रकारच्या अॅल्युमिनाची बारीक पूड काही टक्के घातली तर टेफ्लॉनची झीज हजारपटीहूनही कमी होते, त्यामागे हेच आहे. पूर्ण कोरड्या वायूत किंवा निर्वातात तोच माल पुन्हा भरभर झिजतो.

एक अनुभव सांगतो. एका राईस मिलमध्ये एलिव्हेटरचे बुश दीड महिन्यात जायचे. आम्ही माल बदलला, टक्के बदलले, फरक पडेना. शेवटी जाऊन पाहिलं तर तिथला मिस्त्री दर रविवारी शाफ्ट एमरी पेपरने लख्ख करायचा. मनापासून काम करणारा माणूस. शाफ्टवरचा करडा, मळकट दिसणारा थर त्याला घाण वाटायची. दर सोमवारी बुश पुन्हा पहिल्यापासून थर बांधायला लागायचा आणि सगळ्यात जास्त झीज नेमकी त्या सुरुवातीच्या काळात होते. एमरी बंद केली, कोरड्या फडक्याने फक्त धूळ पुसायला सांगितलं. जुनेच बुश पुरायला लागले.

म्हणून शाफ्टवर एकसारखा, पातळ, काळपट थर दिसला तर त्याला हात लावू नका. जाड, ठिपक्याठिपक्यांचा, नखाने सुटणारा थर दिसला तर मात्र तो बिघाड समजा.

४. शाफ्ट जितका चकचकीत तितका चांगला ना?

नाही. आरशासारख्या शाफ्टवर थराला धरायला जागाच मिळत नाही. फार खरखरीत शाफ्ट कानशीसारखा प्लास्टिक खरवडत राहतो. बहुतेक कामांसाठी ०.२ ते ०.४ मायक्रॉन आरए (पृष्ठभागावरच्या चढउतारांची सरासरी) हा खडबडीतपणा योग्य, म्हणजे साधारण नीट ग्राइंड केलेला शाफ्ट. नुसत्या लेथवर टर्न केलेल्या शाफ्टवर बुश बसवून ‘प्लास्टिक टिकत नाही’ म्हणणं त्या प्लास्टिकवर अन्याय आहे.

खरखरीत पृष्ठभागावर फिलर उलट अंगावर येतो. तिथे झीज खरवडून होते आणि रॅटनर-लँकेस्टर यांच्या नियमानुसार ती मालाची ताणशक्ती आणि तुटेपर्यंत तो किती ताणला जातो यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. काचेच्या धाग्यांनी शक्ती वाढते, पण ताणलं जाणं इतकं घटतं की गुणाकार खालीच येतो. कोळशाच्या च्यूटला किंवा बंकरला ग्लास-फिल्ड नायलॉनचं लायनर मागायला लोक येतात, त्यांना मी परत पाठवतो. तिथे बिनफिलरचं यूएचएमडब्ल्यू, म्हणजे अतिशय लांब रेणूंचं, पॉलिथिलीनच बरं.

५. काच, ब्राँझ, कार्बन, ग्राफाइट, मोली यांतलं कोणतं घ्यावं?

शाफ्ट कशाचा आहे, हे आधी सांगा.

काच स्वस्त आहे आणि भार चांगला पेलते, म्हणून टेफ्लॉनमध्ये १५ ते २५ टक्के काच सर्रास मिळते. पण काच साध्या लोखंडापेक्षा कठीण असते. कडक केलेला ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद) किंवा हार्ड क्रोमचा शाफ्ट असेल तर ठीक. एसएस ३०४ (स्टेनलेस), पितळ किंवा अॅल्युमिनिअमचा शाफ्ट ती खाते. मग शाफ्टवर खाचा पडतात, त्या खाचा बुश खरवडतात आणि दोन्ही एकदमच बदलावे लागतात.

कार्बनचे धागे काचेपेक्षा धातूशी खूप सौम्य वागतात, उष्णता थोडी वाहून नेतात आणि पाण्यातही बरे टिकतात. महाग आहेत, तरी स्टेनलेसचा शाफ्ट असेल तर मी तेच सुचवतो.

ब्राँझ वजनाने ४० ते ६० टक्के घालतात. दाब जास्त आणि उष्णता बाहेर काढायची असेल, उदाहरणार्थ हायड्रॉलिक सिलिंडरच्या गाइड रिंगमध्ये, तर याला तोड नाही. आम्ल किंवा अमोनिया जवळ असेल तर नको, विजेचा निरोधक हवा असेल तरी नको.

ग्राफाइट आणि मोली ही कोरडी वंगणं. ग्राफाइटला सरकायला थोडी वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या मोटरींचे कार्बन ब्रश विरळ, कोरड्या हवेत तासाभरात भुकटी होऊन जात, तेव्हा हे ठळकपणे लक्षात आलं. ‘मग मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत ग्राफाइट चालेल का?’ असं एका मुलीने विचारलं होतं. प्रश्न फार चांगला आहे. चालतं. ४५ अंशांना सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असली तरी हवेत प्रत्यक्ष वाफ भरपूर असते. मोलीचं उलट आहे, ते कोरड्यात जास्त खुलतं.

६. कॅटलॉगमधला ‘पीव्ही’ आकडा कसा वापरायचा?

दाब गुणिले वेग. दुसऱ्या प्रश्नातल्याच उदाहरणात ९०० न्यूटन भागिले ३० गुणिले ३० मि.मी. म्हणजे दाब १ एमपीए (मेगापास्कल). वेग सेकंदाला सुमारे ०.१६ मीटर. पीव्ही झाला ०.१६. हा आकडा मालाच्या मर्यादेच्या निम्म्याखाली ठेवा.

मर्यादा येते ती उष्णतेमुळे. घर्षणांक ०.२ धरला तर याच बुशात सुमारे २८ वॅट उष्णता तयार होते, एका छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. टेफ्लॉन स्टीलच्या शेदोनशेव्या भागाइतकीच उष्णता वाहून नेतं, म्हणून ती बहुतेक शाफ्टमधूनच बाहेर जाते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हवाच ४५ च्या वर असते. कॅटलॉगचा आकडा सहसा २०-२५ अंशांच्या खोलीतला असतो. हा फरक धरायला लोक विसरतात आणि मग एप्रिल ते जूनमध्ये बुश ‘वितळल्याचे’ फोन येतात.

७. हिवाळ्यात नीट बसलेला बुश पावसाळ्यात जाम का होतो?

नागपूरकरांना हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त सतावतो, कारण आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा कधीकधी एक आकडी होतो, मेमध्ये ४५ ओलांडतो आणि जुलैत हवा ओलीचिंब असते.

नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या नऊ-दहा टक्क्यांपर्यंत, ६६ साधारण साडेआठ टक्के. हवेतल्या ओलाव्यावर तीनेक टक्के धरा. तेवढ्याने लांबी पाऊण टक्क्याच्या आसपास वाढते. ३० चं भोक आणि ५ मि.मी. जाडीचा बुश लोखंडी हाउसिंगमध्ये ठोकलेला असेल तर त्याला बाहेर फुगता येत नाही, तो आत फुगतो आणि भोक दीड-दोन दशांश मिलिमीटर लहान होऊ शकतं. त्यात उष्णतेने नायलॉन स्टीलच्या सात-आठ पट पसरतं, ते वेगळं. जाड बुशात ओलावा हळूहळू, कित्येक आठवडे मुरतो, त्यामुळे मेमध्ये टर्न केलेला बुश ऑगस्टमध्ये पकडतो आणि तोवर सगळे कारण विसरलेले असतात. गनमेटलच्या बुशाला ठेवता तेवढा प्ले (शाफ्टभोवतीची मोकळी जागा) नायलॉनला ठेवू नका, जास्त ठेवा. काच भरलेलं नायलॉन थोडं कमी फुगतं, कारण त्यात नायलॉनच कमी असतं. डेलरिन (अ‍ॅसिटल प्लास्टिक) फार कमी पाणी घेतं, टेफ्लॉन आणि यूएचएमडब्ल्यू जवळजवळ नाहीच.

टेफ्लॉनची गोष्ट वेगळी. १९ अंशांना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि घनफळ एक टक्का किंवा त्याहून थोडं जास्त वाढतं. जानेवारीत सकाळी आठ वाजता शेडमध्ये १२ अंश असताना टर्न केलेली ५० मि.मी. ची रिंग दुपारी दीड दशांश मिलिमीटरने मोठी भरते. लेथवाला आणि क्वालिटीवाला दोघेही खरं बोलत असतात, मापं वेगळ्या तापमानाला घेतलेली असतात, इतकंच. आम्ही हिवाळ्यात टेफ्लॉनचं फायनल माप २३ अंशांच्या खोलीत रॉड रात्रभर ठेवून मगच घेतो.

८. ग्रीस लावावं का?

नायलॉन आणि डेलरिनला बसवताना एकदा लावलं तर फायदा होतो. फिलर घातलेल्या टेफ्लॉनला नको. तेल-ग्रीसमुळे थर नीट बसत नाही आणि आपल्याकडच्या धुळीत ग्रीस म्हणजे घासायची पेस्टच होते.

९. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख फुकटात मिळते. तीच फिलर म्हणून घातली तर?

कल्पना चांगली आहे आणि यावर पुष्कळ कामही झालंय. फ्लाय अॅशचे कण बहुतांशी गोल, सिलिका आणि अॅल्युमिनाचे असतात. गोल असल्यामुळे ते काचेच्या तुटक्या धाग्यांइतके धातूला टोचत नाहीत. अडचणी दोन. फुटलेल्या पोकळ कणांच्या कडा धारदार असतात आणि राखेतल्या क्वार्ट्झचे कण साध्या शाफ्टपेक्षा कठीण असतात. शिवाय राख आणि प्लास्टिक आपणहून एकमेकांना धरत नाहीत. कण सुटला की तो मधल्या जागेत गोटीसारखा फिरून दोन्हीकडे ओरखडे काढतो. राख बारीक चाळा, सिलेनचा (राख आणि प्लास्टिक जोडणाऱ्या रसायनाचा) लेप द्या आणि प्रमाण वाढवत जाऊन चाचणी घ्या. सहसा एका प्रमाणापर्यंत झीज उतरते, त्यानंतर चढायला लागते. तो वळणबिंदू तुमच्या राखेसाठी तुम्हालाच शोधावा लागेल.

१०. जिनिंगच्या रोलरला हेच नियम लागू होतात का?

झिजेचे होतात, घर्षणाचे उलटे. डबल रोलर जिनमध्ये रोलर स्थिर सुरीवर दाबून फिरतो. त्याने सरकीवरून तंतू ओढून न्यायचे असतात, म्हणजे कापसाशी त्याचं घर्षण सुरीपेक्षा जास्त हवं. इथे टेफ्लॉनसारखं काही घातलं तर जिन चालणारच नाही. वर्षानुवर्षं क्रोम लेदरच्या चकत्यांचे रोलर वापरात आहेत. ते झिजतात तशी चामड्यातल्या क्रोमियमची भुकटी कापसात आणि कामगारांच्या श्वासात जाते. याच कारणाने सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबर आणि सुती कापडाच्या थरांचा, क्रोमियम नसलेला रोलर विकसित केला. तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरातच आहे. जिनिंगवाल्यांनी तिथे जाऊन रोलर बघावा, असं मी आग्रहाने सांगतो. धूळ दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही.

११. रेल्वेचे ब्रेक ब्लॉकही याच जातीचे ना?

हो. फिनॉलिक रेझिन, धागे, धातूची पूड आणि बरेच फिलर. तिथे घर्षण जास्त आणि मुख्य म्हणजे स्थिर हवं. बिडाच्या ब्लॉकचं घर्षण वाढत्या वेगाबरोबर घटतं, अशा मिश्र मालाच्या, म्हणजे कंपोझिट, ब्लॉकचं बरंच टिकून राहतं. मात्र कंपोझिट उष्णता वाहून नेत नाही, म्हणून ती सगळी चाकाला सोसावी लागते.

१२. प्रोजेक्टमध्ये आमची झीज ‘ऋण’ येते आहे. मशीन बिघडलंय का?

मशीन बहुधा ठीक आहे, महिना कोणता आहे ते बघा. दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो. पिन-ऑन-डिस्कवर (फिरत्या चकतीवर पिन घासून झीज मोजायच्या मशीनवर) नायलॉनची ८ मि.मी. व्यासाची, ३० मि.मी. लांब पिन घेतली तर तिचं वजन साधारण १.७ ग्रॅम. तिने एक टक्का ओलावा घेतला की १७ मिलिग्रॅम वाढले. ५० न्यूटनवर ५ किलोमीटर घासून चांगल्या कंपोझिटची झीज होते जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. पिन झिजली, तरी वजन वाढलं.

उपाय सोपा आहे. त्याच रॉडची, त्याच दिवशी कापलेली दुसरी पिन मशीनशेजारी नुसती ठेवा आणि दोन्हींचं वजन एकदमच घ्या. न घासलेली जितकी बदलली तितकं वजा करा. नाहीतर वजन सोडून लांबी मोजा. डिस्कचा खडबडीतपणा प्रत्येक चाचणीआधी लिहून ठेवा आणि सुरुवातीची थर बसतानाची झीज नंतरच्या स्थिर झिजेत मिसळू नका. झालेल्या चुकीच्या चाचण्या टाकून द्यायला मुलांना जड जातं, ते मी समजू शकतो. तरी टाकाच.

१३. मशीनिंग करताना काही धोका?

आहे, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. काच आणि कार्बन भरलेल्या मालाची धूळ फुफ्फुसाला वाईट. एक्झॉस्ट आणि मास्क हवाच. टेफ्लॉनचा कीस बिडी-सिगारेटला चिकटून पेटला तर त्या धुराने काही तासांनी थंडी-ताप, छाती भरून येणं असा त्रास होतो. लेथजवळ बिडी नको, हात धुतल्याशिवाय तर नकोच. टेफ्लॉनचा कचरा जाळू नका, हिवाळ्यात शेकोटीत तर अजिबात नाही.

१४. बुश लवकर गेला. कारण कसं ओळखायचं?

भुकटी बघा. मोठे पापुद्रे असतील तर फिलर कमी किंवा चुकीचा. काळी-करडी आणि चुंबकाला चिकटणारी असेल तर शाफ्ट खाल्ला जातोय. चिकट, ओघळलेलं प्लास्टिक म्हणजे पीव्ही ओलांडला. भोक एकाच बाजूला ओढलेलं असेल तर अलाइनमेंट तपासा, माल बदलून उपयोग नाही.

आमच्याकडे पाठवणार असाल तर जुना बुश पुसू नका, भुकटी वेगळ्या कागदात बांधा आणि शाफ्टसुद्धा पाठवा. तो काढता येत नसेल तर घासलेल्या जागेचा जवळून फोटो, शाफ्टचं मटेरियल, फेरे, भार आणि तो बुश कोणत्या महिन्यात बसवला ते लिहून द्या.